गाडीमालकांच्या भेटीला इंदूरहून निघताना: ट्रान्सपोर्ट डेस्कवर नव्याने आलेल्यांसाठी

कारखान्याच्या किंवा लॉजिस्टिक्स कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर माणूस नवा आला की पहिले काही महिने त्याचं सगळं काम फोनवरच चालतं. गाडी लागली का, बिल्टी (मालासोबतची ट्रान्सपोर्टरची पावती) आली का, माल कुठवर पोचला. मग एक दिवस साहेब सांगतात, "जरा आपल्या गाडीवाल्यांना भेटून या, ग्वाल्हेरपर्यंत." या भेटी करायच्या कशा, हे मात्र कोणी शिकवत नाही. मी इंदुरात हेच काम करतो. नव्या मुलांना दरवेळी तोंडी सांगत आलोय ते इथे क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही फेरी दर पाडून घेण्यासाठी नसते. ज्यांच्या गाड्यांवर आपला माल चालतो त्यांचं आपल्याकडे काय अडकलं आहे ते मोकळं करायला, आणि त्यांच्या गाड्या, ड्रायव्हर, यार्ड स्वतःच्या डोळ्यांनी बघायला जायचं. दराचं बोलणं त्यानंतर येतं, आणि तेव्हा ते सोपंही जातं.

कार घेऊनच जावं, असं माझं ठाम मत आहे. इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर आहेत. देवास, मक्सी, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी अशी गावं घेत सुमारे पाचशे किलोमीटर होतात. ब्यावऱ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि पुढे ४६. आपला माल याच रस्त्याने जातो. ड्रायव्हर कुठे थांबतात, कुठे जाम लागतो, कुठल्या ढाब्यावर आपल्या ट्रान्सपोर्टरच्या चार-चार गाड्या दुपारभर उभ्या असतात, हे आगगाडीच्या खिडकीतून कळत नाही.

१. आधी प्रत्येकाचं खातं उघडा

निघण्याच्या आठवडाभर आधी अकाउंट्सच्या माणसाजवळ बसा आणि ज्यांना भेटायचं आहे त्या प्रत्येकाचं लेजर काढून घ्या. फक्त एकूण बाकी नको. प्रत्येक बिल्टीपुढे चार गोष्टी हव्यात: अॅडव्हान्स किती दिला, बॅलन्स किती राहिलं, पोच मिळाली का, आणि काही कापलं असेल तर कशापोटी.

गाडीमालकाचं गणित समजून घ्या. गाडी निघताना भाड्याचा मोठा हिस्सा अॅडव्हान्स मिळतो, तो डिझेल, टोल आणि ड्रायव्हरच्या खर्चात जातो. त्याची कमाई असते ती बॅलन्समध्ये, आणि बॅलन्स अडकतं पोचेवर. माल उतरल्याचा सही-शिक्क्याचा कागद आला नाही की बिल पास होत नाही. तो कागद कधी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पडून असतो, कधी ट्रान्सपोर्टरच्या मुन्शीच्या टेबलावर, आणि पुष्कळदा आपल्याच ऑफिसातल्या कुठल्यातरी फाइलमध्ये. शेवटचा प्रकार सर्वांत लाजिरवाणा. म्हणून आपलं कपाट आधी शोधा.

कापलेल्या रकमा वेगळ्या लिहा. मालाची घट, ओला माल, उशीर, चुकीचा दर. त्यातल्या प्रत्येक कपातीचा कागद आपल्याकडे आहे का ते बघा. कागद नसेल, तर ती रक्कम परत द्यायची परवानगी साहेबांकडून निघण्याआधीच मागून घ्या. समोर बसून "विचारून सांगतो" म्हणायची वेळ येऊ देऊ नका, कारण हे उत्तर त्यांनी फोनवर अनेकदा ऐकलेलं असतं.

हाल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी ठेवल्याच्या भरपाईचे, दावे तिसऱ्या यादीत. गाडी आपल्या गेटवर किंवा आपल्या ग्राहकाच्या गेटवर किती वेळ उभी राहिली, याच्या नोंदी गेटच्या रजिस्टरमधून काढा. त्या ट्रान्सपोर्टरच्या नोंदींशी जुळणार नाहीत, तरी चालेल. दोन्ही समोर ठेवून बोलता येतं.

इतकं केलंत तर अर्धी फेरी इंदुरातच झाली. गाडीमालकाचा पहिला प्रश्न "हमारे पैसे का क्या हुआ?" हाच असतो, आणि तुमच्या हातात उत्तर असतं.

२. कोणाला भेटायचं ते नीट ठरवा

यादीत नावं सारखीच दिसतात, पण माणसं तीन प्रकारची असतात. एक, स्वतःच्या गाड्या असलेला मालक. दोन, ज्याच्या काही गाड्या आहेत आणि बाकी बाहेरून लावतो असा ट्रान्सपोर्टर. तीन, फक्त ऑफिस आणि फोन असलेला ब्रोकर. तिघांचीही गरज पडते. ब्रोकरला कमी लेखू नका, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी तोच काढून देतो. पण यार्ड बघायला जायचं ते पहिल्या दोघांकडे.

कोण कुठल्या प्रकारचा, हे विचारण्याआधी तपासून बघता येतं. मागच्या तीन महिन्यांत त्याने आपल्याकडे लावलेल्या गाड्यांचे नंबर काढा आणि एमपरिवहन अॅपवर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, तरी एकाच घरची नावं आहेत की दहा गाड्या दहा ठिकाणच्या आहेत, याचा अंदाज येतो. फिटनेस, विमा, पीयूसी आणि परमिटच्या तारखाही तिथेच दिसतात. ज्या गाड्यांची तारीख उलटली आहे त्यांची छोटी यादी खिशात ठेवा.

एका दिवसात तीन भेटींपेक्षा जास्त ठेवू नका. गाडीमालकाकडे चहा होतो, मग यार्ड, मग पुन्हा चहा, आणि खरं बोलणं दुसऱ्या चहाला निघतं. घड्याळ बघत बसणाऱ्याला ते ऐकायला मिळत नाही.

३. वेळ आणि रस्ता

माळव्यात वर्षाचं चक्र मंडीवर चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन निघतं, मार्च-एप्रिलमध्ये गहू. त्या काळात मोकळी गाडी मंडीकडे धावते, भाडं चढतं, आणि मालक दिवसभर फोनवर असतो. भेटीसाठी डिसेंबर-जानेवारी बरा, किंवा पावसाळ्याचा उत्तरार्ध. पावसाळ्याचा एक फायदा असा की ताडपत्री कुठे गळते ते आपोआप दिसतं.

दसऱ्याला गाड्यांची पूजा असते, १७ सप्टेंबरला बऱ्याच यार्डांत आणि वर्कशॉपांत विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी कामाची भेट ठेवू नका. बोलावलं असेल तर मात्र जरूर जा, प्रसाद घ्या आणि हिशोबाचा विषय काढू नका. रंगपंचमीला इंदूरच गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, असतं, तेव्हा तो दिवस सोडूनच द्या. उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. त्या बाजूची भेट असेल तर रस्त्यांच्या कामांची आणि जड वाहनांच्या वळवलेल्या मार्गांची चौकशी आदल्या दिवशी करा.

नव्या माणसाने सुरुवात घरातूनच करावी. पहिला दिवस इंदूर: देवास नाका, लसूडिया, ट्रान्सपोर्ट नगर. दुसरा दिवस पीथमपूर, कारण वाहन आणि सुट्या भागांचे मोठे कारखाने तिथे आहेत आणि त्यांच्या मालावर चालणाऱ्या कंटेनरवाल्यांचे अड्डेही. जवळच टिहीचा कंटेनर डेपो आहे. निर्यातीचा माल असेल तर तोही बघून घ्या. हे दोन दिवस झाले की बोलायची सवय होते, मग उत्तरेला निघा.

ग्वाल्हेरच्या फेरीत मी जातानाच्या दिवशी मक्सी-शाजापूर पट्ट्यात एक भेट ठेवतो आणि मुक्काम गुन्यात करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवपुरी, दुपारी ग्वाल्हेर. ग्वाल्हेरहून बानमोर मुरैना जिल्ह्यात येतं आणि मालनपूर भिंड जिल्ह्यात, दोन्हीकडे कारखाने आहेत आणि दिशा वेगवेगळ्या. दोन्ही एका दुपारी करायचा बेत आखू नका. अंधार पडल्यावर कार चालवू नका. महामार्गावर रात्री बिघडलेला ट्रक दिवे न लावता उभा असतो, आणि ज्यांनी या धंद्यात वर्षं काढली आहेत ते सगळे सांगतील की मागून धडकण्याचा धोका सर्वांत मोठा.

दक्षिणेला, म्हणजे महू, मानपूर, खलघाट, सेंधवा करत धुळ्याकडे जाणार असाल तर घाट डोळे उघडे ठेवून बघा. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ट्रकच्या ब्रेक फेल अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. आता तिथे उतारासाठी वेगळा नवा रस्ता झाला आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं, हे या अपघातांमागचं मोठं कारण. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. तुमच्या गाडीमालकाने ड्रायव्हरला मायलेजवर बक्षीस लावलं असेल, तर घाटाबद्दल तो ड्रायव्हरला काय सांगतो हे नक्की विचारा.

४. सोबत काय घ्यायचं

कारचे कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण मोबाइल बंद पडतो, म्हणून प्रती घ्या. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. कार पांढऱ्या पाटीची, खासगी असेल आणि अशा फेऱ्या वारंवार होणार असतील तर वार्षिक पासची चौकशी करा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० टोल किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल ते, असा हिशोब होता. तो राष्ट्रीय महामार्ग आणि एक्स्प्रेसवेवरच चालतो. राज्याच्या रस्त्यांवर नेहमीसारखे पैसे कापले जातात. भाड्याच्या टॅक्सीला हा पास मिळत नाही.

बॅगेत हे असू द्या:

- कंपनीचं ओळखपत्र आणि भेटीचं अधिकारपत्र
- प्रत्येकाचं लेजर, अडकलेल्या पोचांची यादी, कपातींचे कागद, सगळं छापील
- हाल्टिंगच्या गेटनोंदी
- टीडीएस घोषणापत्राचे कोरे नमुने आणि दरकराराचा मसुदा
- सेफ्टी शूज आणि रिफ्लेक्टर जाकीट, कारण यार्डात गाड्या मागे घेताना कोणी तुमच्याकडे बघत नसतं
- चांगली टॉर्च, टेप, वही
- पाणी, पॉवर बँक, साध्या औषधांची पुडी

इंदूरची शेव आणि नमकीनची पाकिटं न्या, छोटी. यार्डातल्या मुन्शीला आणि फिटरलाही द्या. उलट दिशेने येणारी भेट मात्र चहा-जेवणापुढे घेऊ नका. पैशाचं पाकीट तर नाहीच नाही. गाड्या लावून देण्याच्या बदल्यात डेस्कवाल्याला फेरीमागे काही देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि नव्या माणसाला ती चाचपून बघितली जाते. एकदा घेतलंत की त्या गाडीच्या घासलेल्या टायरबद्दल तुम्हाला बोलता येणार नाही.

५. यार्डात काय बघायचं

ऑफिसात बसण्याआधी यार्ड बघू द्या म्हणा. "आधी एक चक्कर मारू" असं म्हटलं की मालकाला बरं वाटतं, त्याचा अभिमान तिथेच उभा असतो.

पुढचे टायर पहिले बघा. मागच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर) चालतात, सगळेच वापरतात. पण पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकांवर रिमोल्ड किंवा घासलेला टायर दिसला तर ती गाडी आपल्या मालाला नको. पुढचा टायर फुटला की गाडी ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. मागच्या जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलेत का, एका बाजूनेच टायर घासला आहे का, तेही बघा. एका बाजूने घासलेला टायर म्हणजे अलाइनमेंट नाही किंवा सस्पेन्शन गेलं आहे.

इंजिन चालू करून हवा भरू द्या आणि बंद करायला सांगा. मग शांतपणे उभे राहा. हवा सुटल्याचा आवाज ऐकू येत असेल तर ब्रेकच्या लाइनमध्ये गळती आहे. मीटरची सुई किती लवकर खाली येते ते ड्रायव्हरला विचारण्यापेक्षा केबिनमध्ये चढून बघा.

मग बॉडी. फळ्या तुटलेल्या, खिळे वर आलेले, कोपऱ्यांत जुना माल पडलेला. खताची खेप करून आलेली गाडी न धुता खाद्यमालाला लावतात, आणि पोत्यांना वास लागला की सगळा माल परत येतो. कंटेनर असेल तर आत जा, दार बाहेरून बंद करायला सांगा आणि वर बघा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येईल. दार बंद करायला आपलाच माणूस उभा करा, आणि कडी सरकवू नको म्हणून आधी सांगा.

ताडपत्री उलगडून बघा. दोन आहेत का, दोऱ्या कशा आहेत. मागची रिफ्लेक्टर पट्टी धुळीने माखलेली असली तर तिथल्या तिथे पुसायला लावा.

वजनाचं गणित यार्डातच करा. १६ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने अॅक्सलप्रमाणे वजनाच्या मर्यादा वाढवल्या. तीन अॅक्सलच्या दहाचाकी गाडीची एकूण मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. हे वजन गाडीसकट आहे. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, ते वजा केलं की किती माल बसतो ते निघतं. त्या तारखेआधीच्या गाडीच्या आरसीवर जुनीच मर्यादा असू शकते, तेव्हा "दहा चाकं म्हणजे इतके टन" असं सरसकट धरू नका, आरसी वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो. गाडीमालक म्हणेल, "दो टन ज्यादा डाल दो, देख लेंगे." त्याला नाही म्हणा.

आता फसवणुकीबद्दल, कारण नवा माणूस इथेच अडकतो. खोटी नंबरप्लेट आणि खोटी आरसी घेऊन गाडी लावायची, माल भरून निघायचं आणि गायब व्हायचं, हे तेल, धातू, औषधं अशा महाग मालाबाबत होतं. व्हॉट्सअॅपवर आलेला आरसीचा फोटो पुरावा नाही. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी जुळवा. तो फ्रेमवर असतो, बहुधा उजव्या बाजूला पुढे, आणि धूळ-ग्रीस पुसून टॉर्चनेच वाचावा लागतो. यार्डात चार-पाच गाड्यांचे नंबर असे जुळवून बघितलेत की मालकालाही कळतं, हे लोक बघतात.

नॅशनल परमिटच्या गाडीला वयाची अट आहे: साधी गाडी १२ वर्षं, मल्टिअॅक्सल १५ वर्षं. फिटनेस सर्टिफिकेट पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी लागतं. जुन्या गाड्यांचा ताफा म्हणजे वाईट ताफा, असं समजू नका. दहा वर्षांची नीट राखलेली गाडी तीन वर्षांच्या दुर्लक्षित गाडीपेक्षा बरी चालते, यार्डात फिटर आणि सुट्या भागांचं कपाट दिसलं की ओळखावं.

६. ड्रायव्हरशी मालकाच्या मागे नको, पण मालकाशिवाय बोला

मालकाला सांगून, त्याच्या परवानगीने, दोन-तीन ड्रायव्हरांजवळ वेगळे बसा. हिंदीतच बोला. इंदूर काय, ग्वाल्हेर काय, मराठी घरं दोन्हीकडे आहेत आणि एखादा मालक "तुम्ही मराठी का?" म्हणून घरी जेवायलाही बोलावेल. त्याला काका म्हणा, मराठीत मनसोक्त बोला. पण यार्ड हिंदीचं आहे, आणि ड्रायव्हरला "भाईसाहब" म्हणून खाटेवर त्याच्या शेजारी बसलात की तो मोकळा होतो.

त्याच्या गाडीबद्दल नंतर विचारा. पहिल्यांदा आपल्याबद्दल विचारा: आमच्या गेटवर गाडी भरायला किती वेळ लागतो? रात्री थांबायला जागा, पाणी, संडास आहे का? भरताना-उतरवताना कोणी पैसे मागतं का? हमाली कोणाच्या माथी येते? या उत्तरांनी आपल्याच कारखान्याचं चित्र बदलतं. ग्राहकाच्या गोदामावर गाडी दोन दिवस उभी ठेवतात, ड्रायव्हर तिथे अंघोळीला पाणी विकत घेतो, आणि आपण ऑफिसात बसून "गाडी उशिरा का आली" विचारत असतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. आपण पाचशे किलोमीटर एका रात्रीत मागतो तेव्हा काय मागतो, याचा विचार डेस्कवर बसलेल्यानेच करायला हवा. भरलेल्या ट्रकला दिवसाला तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर धरून वेळ ठरवा.

ई-वे बिलाचा (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा) गोंधळ इथेच कळतो. ठरावीक किमतीवरच्या मालाला ते लागतं आणि दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरला तीन दिवस. गाडी शनिवारी पोचली, गोदाम सोमवारी उघडलं, मुदत संपली आणि तपासणीत गाडी अडकली, असं होतं. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. हे काम आपण करायचं की ट्रान्सपोर्टरने, ते भेटीत ठरवून त्याच्या मुन्शीचा आणि आपल्या माणसाचा नंबर एकमेकांना देऊन टाका. ड्रायव्हरच्या भरवशावर ते सोडू नका.

७. आता दर

हिशोब मिटला, यार्ड बघून झालं, दुसरा चहा आला. आता बोला, आणि कागद-पेन घेऊन बोला.

डिझेल वेगळं काढा. समजा इंदूर-ग्वाल्हेर ५०० किलोमीटर, भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, तर १२५ लिटर लागेल. डिझेल ९२ रुपये धरलं तर ११,५०० रुपये. भाव ५ रुपयांनी हलला की फेरीत ६२५ रुपयांचा फरक पडतो. हा आकडा दोघांनी मिळून कागदावर मांडला की डिझेल-वाढीचं कलम आपोआप तयार होतं: करारातला मूळ भाव कोणता, कुठल्या पंपाचा, कुठल्या तारखेचा, आणि किती रुपये हलल्यावर भाडं किती हलेल. भाव उतरला तर भाडंही उतरेल, हे त्याच कलमात लिहा.

मग टोल, ड्रायव्हरचा भत्ता, युरिया (धूर स्वच्छ करणारं द्रव, बीएस-६ डिझेल ट्रकना सहसा लागतं), टायर, कर्जाचा हप्ता, विमा. हे आकडे त्याला सांगू द्या, वाद घालू नका, ऐकून लिहा. शेवटी विचारा, परतीचा माल मिळतो का? दराची खरी चावी इथे आहे. ग्वाल्हेरहून गाडी रिकामी येत असेल तर तो जाण्याच्या भाड्यातच येणं धरतो. बानमोर-मालनपूरच्या एखाद्या कारखान्याचा इंदूरकडचा माल तुम्ही जोडून देऊ शकलात, तर दर न भांडता खाली येतो. ज्यांच्याकडे रिकाम्या गाड्या परततात अशा मालकांची वेगळी यादी करा.

फुकट वेळ किती आणि त्यानंतर हाल्टिंग किती, हेही आत्ताच लिहा. वेळ कधीपासून मोजायचा हे स्पष्ट हवं: गाडी गेटवर आली तेव्हापासून, की आत घेतली तेव्हापासून? बहुतेक भांडणं या एका ओळीच्या अभावी होतात. मी गेटवर आल्यापासून धरतो, कारण ड्रायव्हरचा दिवस तेव्हापासूनच जातो.

८. घ्यायचे कागद

परत निघण्याआधी हे मागून घ्या: पॅन, बँकेचा रद्द चेक, जीएसटी नोंदणी असेल तर ती, गाड्यांची यादी आरसीच्या प्रतींसह, उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं).

वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाने पॅनसह तसं घोषणापत्र दिलं तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. छोट्या मालकाला हे माहीत नसतं आणि त्याचे पैसे वर्षभर अडकतात. कोरा नमुना तुमच्याकडे आहेच, तिथेच भरून घ्या.

उद्यम प्रमाणपत्र महत्त्वाचं आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं झालं आहे की मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी धरावी लागते. तुमच्या अकाउंट्सला हे सांगितलं की बिलं लवकर सरकतात.

विम्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. गाडीचा विमा मालाला लागू होत नाही. मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा असतो आणि सहसा मालवाल्याने काढायचा असतो. कॅरेज बाय रोड कायदा २००७ चा आणि त्याखालचे नियम २०११ चे. जास्त जोखमीचा दर ठरवून किंमत जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. वीस हजारांच्या भाड्यावर पंधरा लाखांचा माल चालत असेल, तर गणित तुम्हीच करा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

९. मुक्कामी आणि परतल्यावर

प्रत्येक रात्री झोपण्याआधी वही पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी यार्डं एकमेकांत मिसळतात आणि रिमोल्ड टायर कोणाकडे होता ते आठवत नाही. गाडीनंबरसह लिहा.

इंदूरला आल्यावर दोन दिवसांच्या आत प्रत्येक मालकाला हिंदीत संदेश पाठवा: काय ठरलं, आपल्याकडून काय होणार, कोणत्या तारखेला, आणि त्यांच्याकडून काय हवं. ज्या गाड्या आपल्या मालाला चालणार नाहीत त्यांचे नंबर आणि कारण त्यातच लिहा. दुरुस्ती झाली की फोटो पाठवा, पुन्हा सुरू करू, असंही लिहा. आठवड्याभरात निदान एक जुनी बाकी त्यांच्या खात्यात पडलीच पाहिजे, मग ती छोटी का असेना. त्यासाठी अकाउंट्सच्या टेबलाजवळ रोज उभं राहावं लागलं तरी राहा.

ड्रायव्हरांनी सांगितलेलं एका पानावर लिहून, नावं न घालता, आपल्या डिस्पॅचच्या आणि गेटच्या प्रमुखाला द्या. पाण्याचा नळ, रात्री उघडा राहणारा संडास, गाडी आल्याची वेळ टाकलेली पावती. या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही, आणि पुढच्या सोयाबीनच्या हंगामात मंडीचं भाडं सोडून गाडी तुमच्या गेटवर का लागावी, याचं कारण गाडीमालकाला त्यांतूनच मिळतं.